डाय त्यांची, बोटं आपली

आपल्या पोरांना प्रेसवर घेतात. पॅकिंगला घेतात. झाडू मारायला तर बोलावून घेतात, फक्त आता त्याला हाउसकीपिंग म्हणतात. टूल रूममध्ये घेत नाहीत. भोसरीपासून चाकणपर्यंत पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्रा ठोकणारे कारखाने आहेत. त्यात मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळे या बाजूची आपली पोरं राबतात. रात्रपाळी सुटली की फाट्यावर उतरून उसाच्या कडेकडेनं, बिबट्याच्या भीतीनं मोबाइलचा उजेड पाडत घरी जातात. मी ज्या कारखान्यांतून फिरलो तिथे टूल रूमच्या काचेआड यातली किती पोरं होती ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. तीही शाबूत असली तर.

दोस्तांनो, तुम्ही आरक्षणावर बोलता, अत्याचारावर बोलता, शिष्यवृत्तीवर बोलता. बोललंच पाहिजे. पण टूल रूम हा शब्द तुमच्या एकाही ठरावात माझ्या वाचण्यात आला नाही. म्हणून आधी ती खोली काय असते ते सांगतो.

मोटारसायकलच्या टाकीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत पत्र्याची जी वस्तू एकासारखी एक हजारांनी निघते, ती डायमधून निघते. खाली डाय, वर पंच, मध्ये पत्रा. प्रेस नुसता दाबतो, अक्कल सगळी डायमध्ये. पंच आणि डाय यांच्यात जी फट ठेवतात ती एकेका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या शेकडा ५ ते १०. पत्रा एक मिलिमीटरचा असेल तर फट ५० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याचा केस साधारण त्याहून जाड भरतो. ही फट चारी बाजूंनी सारखी बसवायची. निळी शाई लावायची, कुठे टेकतंय ते बघायचं, घासायचं, पुन्हा शाई, पुन्हा घासायचं. पोलाद कुठलं, तर डी-२ जातीचं. हो, पोलादालाही जात असते, पण ती तपासून ठरते, आडनाव विचारून नाही. ते भट्टीत हजार अंशांच्या वर तापवून कडक करायचं, मग कमी आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढायचा, म्हणजे रॉकवेलच्या मापावर ५८ ते ६० येतं. जुने कारागीर याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. ज्या समाजाला १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली, त्याच्या पोराला पोलादाला पाणी कसं देतात ते कोणी दाखवायचं नाही. असा हा मामला आहे.

डाय बनवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे तिची निगा. इतके हजार स्ट्रोक झाले की डाय उतरवायची, पंचाची धार बघायची, सरफेस ग्राइंडरवर एक हलका हात मारायचा, स्प्रिंगा बदलायच्या, गाइड पिलर-बुश झिजले का ते डायल लावून तपासायचं, कार्डावर लिहायचं. पार्टच्या कडेला नख लावलं की कळतं डाय आजारी आहे का ठणठणीत. कड बोचू लागली, म्हणजे बर आली, की धार गेली समजायचं. हे ज्याला कळतं त्याला कारखान्यात किंमत आहे. डायमेकर दोन दिवस आला नाही तर मालकाचा फोन त्याच्या घरी जातो. हेल्पर मेला तर ठेकेदार दुसरा पाठवतो. कारखाना बंद पडला तर डायमेकर चार महिन्यांत शेजारच्या गाळ्यात लागतो, किंवा दोन जुनी मशीनं घेऊन स्वतःचा गाळा टाकतो. भोसरीच्या गल्ल्यांतले कितीतरी छोटे मालक असेच कधीकाळी कोणाच्या तरी टूल रूममधून बाहेर पडलेले आहेत. प्रेस ऑपरेटर गाळा टाकत नाही. त्याच्याकडे विकायला दोन हातच असतात, आणि तेही कधीकधी पुरे नसतात.

आता अडतं कुठे ते बघा. टूल अँड डाय मेकर हा आय.टी.आय.मधला दोन वर्षांचा ट्रेड आहे. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, केंद्र सरकारचं इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे चार वर्षांचा डिप्लोमा आहे. कागद मिळतो. पण हे काम कागदावरून येत नाही, उस्तादाच्या शेजारी उभं राहून येतं. उस्ताद ज्याला शेजारी उभा करील तो शिकणार. आणि उस्ताद उभा करतो भाच्याला, गावच्या पोराला, जातीच्या पोराला. कोणी मुद्दाम वाईट वागतो असंही नाही, तसं त्याच्या मनातसुद्धा येत नाही. जातीला मनात यायची गरजच काय? ती पायवाटेसारखी असते, माणूस विचार न करता तिच्यावरून चालतो.

मी एका कारखान्यात शिकाऊ होतो. नाव लिहीत नाही, त्या नावाचा उपयोग नाही. तिथले उस्ताद डाय जुळवायला घेतली की मला म्हणायचे, "जा रे, चहा सांगून ये." दर वेळी. शाई लावायची वेळ आली की चहा. भट्टी उघडायची वेळ आली की चहा. दोन वर्षांत मी किती चहा सांगितला असेन त्याला हिशेब नाही, पण पंच आणि डाय जुळताना पाहिली दोनदा. शिकलो ते भंगारातून. मोडक्या डाया रात्रपाळीला उघडायच्या, कुठे तडकली, कुठे झिजली ते बघायचं. मेलेल्या माणसाचं पोट फाडून वैद्यकी शिकावी तशी. सगळ्या पोरांनी असंच शिकावं असं मला म्हणायचं नाही. एकाही पोराला असं शिकावं लागू नये म्हणून हे लिहितो आहे.

हे नवीन आहे काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि अस्पृश्याला त्या खात्यात मज्जाव होता. कारण काय सांगायचे? धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागतो, म्हणजे उष्टं होतं, म्हणजे बाट लागतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कॉम्रेड मंडळींच्या तोंडावर टाकला: कामगार एक, तर मग विणकाम खातं बंद का? १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथेही हाच हिशेब मांडला गेला: आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, वर्कशॉपमध्ये खलाशी-हमालच राहतो, मेकॅनिक होत नाही. तेव्हा धागा तोंडात जात होता. आता तोंडात काही जात नाही, आता म्हणतात, "हात बसलेला नाही." बसू दिला असता तर बसला असता! आमच्याच आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईच्या गिरणीत कामगार होता. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या लॉरीखाली चिरडला गेला. डिंभ्याच्या धरणाला त्याचं नाव आहे, भाषणात दर साली त्याचं नाव येतं. परदेशी कापड कोणी विकायचं यावर देश पेटला, पण देशी कापड कोणी विणायचं आणि कोणी विणायचं नाही, यावर कोणाची लॉरी अडली नाही.

बाबासाहेब १९४२ साली मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. आपण ते फार कमी वाचतो. त्यात नोकऱ्या आहेत, कायदेमंडळ आहे, आणि तंत्रशिक्षणही आहे. नुसत्या कलाशाखेनं आणि वकिलीनं आपल्या माणसांचं फारसं भलं होणार नाही, वरच्या दर्जाचं विज्ञान आणि तंत्र शिकायला हवं, असा त्यातला आशय. त्यासाठी दर साल दोन लाखांच्या शिष्यवृत्त्या इथे, एक लाखाच्या परदेशात, असा आकडा त्यांनी मांडला. आणि सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉपं आपल्या पोरांना शिकाऊ म्हणून उघडा, असंही सांगितलं. वर्कशॉप! कचेरी तर मागितलीच, पण वर्कशॉपही मागितलं. आपण पुढे कचेरी तेवढी लक्षात ठेवली.

आणि त्यालाही कारण होतं, ते मी नाकारत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या हातावर घाण लादली त्या समाजाला हाताच्या कामाचा तिटकारा येणारच. आपल्या बापांनी हाडकी-हाडोळा सोडला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तक्क्याची-वेशीची कामं सोडली, आणि पोराला टेबल-खुर्ची दाखवली. बँक, एल.आय.सी., पोस्ट, बोर्ड. बरोबर केलं. पण ती टेबलं आता कमी कमी होत चालली आहेत आणि आपल्या संघटनांमध्ये अजून कारकुनी मापानंच माणूस मोजतात. पोरगा डेप्युटी झाला तर सत्कार, फ्लेक्स, शाल. पोरगा डायमेकर झाला तर "कारखान्यात आहे कुठेतरी". मी श्रमप्रतिष्ठेचं गांधीवादी कीर्तन करत नाही. झाडूत प्रतिष्ठा आहे असं ज्याला वाटतं त्यानं आपल्या पोराच्या हाती द्यावा. मी म्हणतोय ते वेगळं आहे. कारखान्यात जिथे अक्कल साठवलेली असते त्या खोलीची किल्ली मागा.

कोणी म्हणेल, सरकार कारागिरांसाठी करतंच आहे की. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक धंदे, ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, वर कर्ज. यादीत लोहार आहे, सुतार आहे, चांभार आहे, हातोडा आणि अवजार-पेटी बनवणारा आहे. आणि भाषा काय, तर गुरु-शिष्य परंपरा, पिढीजात हुन्नर. म्हणजे चांभाराच्या पोरानं आठवडाभरात अधिक चांगला चांभार व्हावं. डायमेकर व्हायचं असेल तर? ते या यादीत नाही, कारण तो कोणाचाच पिढीजात धंदा नाही. आणि म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे! जात कामं वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांना एकमेकांपासून तोडून खालीवर लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडून ठेवलं. ८७ वर्षांनी सरकार त्याच उतरंडीला अवजार-पेटी वाटतंय.

परंपराच काढायची तर जुन्नरची काढू. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर बौद्ध लेणी आहेत. लेण्याद्रीला जा, शिवनेरीच्या कड्याला जा, मानमोडीला जा. लेण्याद्रीला सातव्या लेण्यात आज गणपती बसवलेला आहे, तो विषय तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. भिंतीवरचे लेख बघा. एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचं कोरलेलं आहे. दुसऱ्या एकात वेळूचं काम करणाऱ्यांची श्रेणी आणि काशाचं काम करणाऱ्यांची श्रेणी यांच्याकडे दानाची ठेव गुंतवल्याची नोंद आहे. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी या गावात बांबू विणणाऱ्यांची संघटना होती आणि लोक तिच्यावर पैशाचा विश्वास टाकत होते. आज बांबू विणणारा बुरूड महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. तेच वंश, तीच रक्तं असलं काही मी म्हणत नाही. धंदा तोच, आणि त्याची जागा बँकेच्या गादीवरून गावकुसाबाहेर गेली, एवढंच म्हणतो. ती कोणी ढकलली हे जुन्नरच्या पोराला कोणी शिकवत नाही. त्याला लेणी दाखवतात आणि "पांडवांनी एका रात्रीत कोरली" म्हणून सांगतात. एका रात्रीत! काळ्या दगडावर छिन्नीचं तोंड टिकत नाही. कोरणाऱ्याच्या पाठीमागे भाता पेटलेला पाहिजे, बोथट छिन्न्या तापवून, ठोकून, पाणी देऊन परत धाडणारा माणूस पाहिजे. तोच माणूस आज टूल रूममध्ये बसतो. लेण्यावर दान देणाऱ्याचं नाव आहे, त्याचं नाही.

आता बोटांकडे येतो. कारण हा नुसता प्रतिष्ठेचा प्रश्न असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती.

प्रेसवर बोट जातं कसं? मालक म्हणतो, कामगार बेसावध होता. सुपरवायझर म्हणतो, मोबाइल बघत होता. मी सांगतो कसं जातं. पंचाची धार गेलेली असते. धार गेली की पत्रा कापला न जाता ओढला जातो, पार्ट अडकतो, कातरण पंचाला चिकटून वर येतं. पार्ट अडकला की उत्पादन थांबतं. तासाला इतके नग दिले नाहीत तर ठेकेदार उद्या येऊ नको म्हणतो. मग पोरगा हात घालून पार्ट ओढतो. एकदा, दहादा, शंभरदा. जुन्या प्रेसना चावीचा क्लच असतो. चावी झिजली, स्प्रिंग थकली की पायडल न दाबताच दुसरा स्ट्रोक येतो. त्या एका वेळेला हात आत असतो. गार्ड? गार्ड होता, पार्ट काढायला आडवा येतो म्हणून सोडून कोपऱ्यात ठेवलेला असतो. दोन हातांची बटणं होती, त्यातलं एक चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकलेलं असतं. बोट प्रेसवर तुटतं, पण ते तुटायला सुरुवात होते टूल रूममध्ये, ज्या दिवशी कार्डावर "डाय तपासली" असं न तपासता लिहिलं जातं त्या दिवशी. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून "क्रश्ड" नावाचे अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत हात चिरडणारं मुख्य यंत्र पॉवर प्रेस आहे, हे त्यांनी जखमी कामगारांना विचारून मांडलं आहे.

आणि त्याच प्रेसवर लिंबू-मिरची टांगलेली असते! खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, पेढे. सगळ्या कारखान्यात त्या दिवशी साफसफाई. बाकीचे दिवस ग्रीसगन कुठे आहे ते कोणाला माहीत नसतं. यंत्राला देव केलं की त्याला तेल नाही दिलं तरी चालतं, आणि बोट गेलं तर तो देवाचा कोप होतो, मेन्टेनन्सचा गुन्हा होत नाही. आपली पोरं २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली, ती त्या माळेला हात जोडत नाहीत म्हणून सुपरवायझरच्या डोळ्यांवर येतात. मी म्हणतो, माळेवरून जरूर भांडा, पण त्याच दिवशी गार्डवरूनही भांडा. कुंकू लावायला जो पुढे होतो त्याला सगळ्यांसमोर विचारा, या प्रेसची चावी शेवटची कधी बदलली?

१९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम सांगत होतं की यंत्राचा धोक्याचा भाग झाकलेला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यात गेला. कलमाचा आकडा बदलला, कोपऱ्यातला गार्ड कोपऱ्यातच आहे. आणि १९२३ च्या भरपाई कायद्यानं तर बोटांचा भावच बांधून दिला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद शेकडा ३० गेली. तर्जनी मुळापासून गेली तर १४. मधलं बोट १२. करंगळी ७. एका हाताची चारही बोटं ५०. एकलव्याला द्रोणानं आशीर्वाद दिला, यांनी टक्के दिले. ज्याला डायमेकर व्हायचं आहे त्याची तर्जनी शेकडा १४ कशी? कड बोचते का ते बघायला तेच बोट लागतं.

आता कायद्यातली एक जागा दाखवतो, ती कार्यकर्त्यांनी नीट बघावी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. १९७३ साली त्यात ३-अ कलम घातलं गेलं: मालकानं नेमलेल्या ट्रेडांत अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊंच्या जागा राखायच्या. सरकारी कारखाना, खाजगी कारखाना असा फरक त्यात नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण द्या म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि खाजगी कारखान्याच्या दारात अर्धशतक लिहिलेलं हे कलम वाचत नाही! मात्र त्यात एक पळवाटही आहे. कारखान्यात एकापेक्षा जास्त ट्रेड असतील तर सगळ्या ट्रेडांचे शिकाऊ एकत्र धरून हिशेब करायचीही सोय त्यात आहे. मग आकडा भरतो वेल्डरमध्ये, पेंटरमध्ये, आणि टूल रूम कोरडी राहते. कागदावर सगळं पवित्र. शिवाय शिकाऊ हा कामगार नाही, त्याला कामगार कायदे लागू नाहीत, हे १८ वं कलम. शिकून झाल्यावर घ्यायचं का नाही, याचं धोरण मालकानं ठरवायचं, हे २०१४ ची दुरुस्ती. तरीही दार फटीएवढं उघडं आहे, आणि फट मोजायचं तर आपलं कामच आहे.

राज्याचा शिकाऊ उमेदवार सल्लागार हे सरकारी पद आहे. खाजगी मालक माहिती अधिकाराखाली येत नाही, सल्लागाराची कचेरी येते. अर्ज टाका. चाकण-भोसरीत टूल अँड डाय मेकर, मशीनिस्ट ग्राइंडर आणि मेकॅनिक मशीन टूल मेन्टेनन्स या तीन ट्रेडांत शिकाऊ किती, त्यांत अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती, ट्रेडवार द्या म्हणा. एकत्र बेरीज घेऊ नका, बेरजेतच सगळं लपतं. जमातीचा आकडा सोडू नका. आपल्या पश्चिमेला भीमाशंकरच्या अंगानं महादेव कोळी, ठाकर, कातकरी पोरं त्याच एस.टी.नं चाकणला येतात आणि त्याच प्रेसवर उभी राहतात. त्यांना सोडून आपला अर्ज पुढे जाणार असेल तर त्या अर्जाला अर्थ नाही. एका अर्जानं भागणार नाही, तालुक्याला दहा टाका. उत्तर आलं की कारखान्याच्या नावानिशी विहाराच्या फळ्यावर लावा.

आणि दुसरं काम घरचं आहे. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डी.जे.ला किती जातात ते वर्गणी गोळा करणाऱ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यात पाच-सहा व्हर्निअर, दोन मायक्रोमीटर, एक डायल गेज, एक सरफेस प्लेट आणि डझनभर कानशी येतात. विहारात एक बाक टाका, त्यावर व्हाइस बसवा. बुद्धवंदना झाली की दोन तास. मायक्रोमीटर वाचायला दोन रविवार लागतात. ड्रॉइंग वाचायला एक पावसाळा. मऊ लोखंडाचा तुकडा कानशीनं काटकोनात आणायला पोरानुसार, कोणाला महिना, कोणाला सहा. मुलींनाही बसवा. वायर-कट आणि सी.एन.सी. आल्यापासून टूल रूममध्ये दंडापेक्षा डोकं जास्त लागतं, आणि आपल्या पोरी गणितात पोरांना केव्हाच मागे टाकून बसल्या आहेत. आधी सांगून ठेवतो, माझ्या बाकावर कोणी कोणाला चहा आणायला पाठवणार नाही.

मोडक्या डाया आणि जुनी ड्रॉइंगं माझ्याकडे आहेत. रविवारी मी मोकळा असतो. कानस ज्याची त्यानं आणावी.